चंद्रावरचा पंप

दुपारी टीव्हीवर चंद्रावरचा तो जुना सिनेमा लागला. तीस वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग गावच्याच ओसाड बरडावर झालं होतं. “पाह्य, हिरोच्या मागं तुहे सासरे!” दुर्गाबाईनं सुनेला दाखवलं. अंतराळवीर झालेल्या जानरावांच्या पाठीवर घरचाच पितळी फवारणीपंप होता, चंदेरी रंग फासलेला. सून हसली. “अन् डोक्यावर काचेचं मडकं काहून?” “चंद्रावरची हवा जहरी रायते ना!” म्हणता म्हणता दुर्गाबाई उठून उभी राहिली. परवाच फवारणी करताना शेजारचा वामन वावरात कोसळला होता. अजून शुद्धीवर नव्हता. आणि आज सकाळी जानराव तोच पंप घेऊन पऱ्हाटीत, कपाशी फवारायला गेले होते, तोंडाला नुसता दुपट्टा गुंडाळून. सिनेमावाल्यांनी जाताना दिलेल्या त्या मडक्यात ती इतकी वर्षं लसूण ठेवत होती. तिनं लसूण जमिनीवर ओतला, मडकं छातीशी धरलं आणि अनवाणीच वावराकडे धावत सुटली.