वेबसाइटची वाटणी

"फाइल चढवणं म्हणजे माझ्या हातचा मळ," विश्वेश म्हणाला. "चहा निवायच्या आत नंबर बदलतो की नाही बघ."

त्याच्या बायकोनं, सुमेधानं, चहा पुढ्यात ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली. सर्व्हर काही दार उघडेना.

नंबर बदलणं भागच होतं. सिंहस्थ तोंडावर आलेला. पूजेसाठी यात्रेकरू विश्वेशनं घरच्या भिक्षुकीसाठी बनवलेली साइट बघून फोन करणार, आणि साइटवर नंबर अजून पंचवटीतल्या जुन्या घरचा. त्याचे वडील शामसुंदरगुरुजी थोरल्या भावापासून वेगळे होऊन नुकतेच इंदिरानगरला राहायला आले होते.

विश्वेशनं फायरवॉल बंद केली. अँटीव्हायरस काढून टाकला. मोडेम उपटून परत लावला. केबलवाल्याला त्याच्या सात पिढ्यांसकट झापलं.

"केबलवाल्याचं श्राद्ध घालून झालं असेल, तर कंपनीला विचारा," सुमेधा म्हणाली.

होस्टिंग कंपनीतली मुलगी फार गोड बोलली. "सर, कनेक्शन व्यवस्थित आहे. पासवर्ड मंगळवारी बदललाय. खातं शामसुंदरजींच्या नावावर आहे ना, त्यांनीच फोन करून बदलून घेतला."

गुरुजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होते.

"बाबा, नवा पासवर्ड कुणाला दिलात?"

"दादाला."

"साइट मी बनवलीय."

"नाही कोण म्हणतंय? पण पहिल्याच पानावर रामाचा फोटो टाकलास ना तू? मग ती देवघरात धरली. यजमान गावागणिक वाटले. चांदवड त्याला, नांदगाव आपल्याला. देव कसे वाटणार? देवघर थोरल्या घरी राहतं."

"मला एका शब्दानं विचारायचं तरी."

"तू कॉम्प्युटरवर बसला होतास," गुरुजी म्हणाले आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

विश्वेश परत खुर्चीत जाऊन बसला. जुनाच पासवर्ड मारला. परत मारला. मग मारतच राहिला. सुमेधानं जेवायला हाक मारली, तेव्हाही मारत होता.

दुपारी कंपनीनं खात्यावरच्या जुन्याच नंबरवर, म्हणजे थोरल्या घरी, कळवलं, की सकाळपासून कुणी चोर खात्यात शिरू बघत होता, त्याचं कनेक्शन अडवलंय. तेव्हापासून विश्वेशच्या घरून ती साइट नुसती बघायलासुद्धा उघडेना.