मूळ पत्ता

बहारीनमध्ये, मनामातल्या ऑफिसात तुषार पवारच्या शेजारी बसणारा डेक्लन दोन वर्षं आयर्लंडमधलं आपल्या आजोबांचं मूळ घर शोधत होता. आजोबा पोटासाठी लंडनला गेले आणि तिथल्या प्रत्येक कागदावर त्यांनी वेल्समधल्या कार्डिफच्या एका गल्लीचा पत्ता दिला. त्या गल्लीत मात्र हे घराणं कुणाच्या गावीही नव्हतं.

आज डेक्लनला जुन्या वर्तमानपत्रात आजोबांच्या लंडनच्या घरमालकाची जाहिरात सापडली. 'खोली भाड्याने देणे आहे. आयरिश लोकांनी येऊ नये.'

"एका खोलीपायी आजोबांनी गावच पुसून टाकलं," डेक्लन म्हणाला. "आता घर शोधायचं तरी कुठं?"



संध्याकाळी तुषार शहरातल्याच गुदैबिया भागात खोली बघायला गेला. साताऱ्याकडची चार माणसं तिथं राहत होती आणि एक कॉट रिकामी झाली होती. त्यांच्यातल्या सदूभाऊंनी आग्रहानं चहा दिला.

"पवार? म्हणजे आपल्याकडचेच की! गाव कुठलं?"

"कोरेगावजवळचं."

"नाही, पवार काय, सगळ्यांच्यातच असतात," सदूभाऊ हसत म्हणाले. "गावात घर नेमकं कुठं म्हणायचं तुमचं?"

तुषारच्या डोळ्यांपुढं गावाबाहेरचा बुद्धविहार आला. त्याला लागूनच असलेलं, आईनं यंदाच निळा रंग दिलेलं घर आलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मारुतीच्या देवळामागं," त्यानं पत्ता दिला.