अंदाजाने घाल

ऐक ना, काल आम्ही आईला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं, मलाक्काला नदीकाठच्या त्या नव्या हॉटेलात. आजवर सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं ती ओट्यापाशी उभ्यानेच खायची गं! आणि दादाने मागवलं काय, तर बुआ केलुआक घातलेली कोंबडी! त्या काळ्या बिया दिवसचे दिवस भिजवायच्या, फोडायच्या, कोरायच्या, परत भरायच्या. आईचा हातखंडा. दादा एक घास खाऊन म्हणाला, "छे! आईच्या हाताची चव नाही." आईने नुसते डोळे मिटले.

तेवढ्यात मालकीण बी लिआन धावत आली. "बीबिक, मावशी, काय चुकलं हो माझं?"

आणि आईने तिला सगळी कृती सांगितली! अगं, आमच्याकडे परक्या बाईला सांगताना एखादा जिन्नस गाळतातच. आईने काहीच गाळलं नाही. मी विचारलं की मात्र कायम, "घाल अंदाजाने."

"मला का नाही कधी सांगितलंस?" मी रडवेलीच झाले.

"ती रांधेल आणि मी इथे बसून खाईन," आई मनगट चोळत म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर माझ्या जागी तू उभी राहिली असतीस. कृती हवी असेल तर आत्ता सांगते."

दादाने ते ऐकलं मात्र, लगेच म्हणाला, "अरे वा! मग यंदा नववर्षाला कोंबडी हीच करेल!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आईसुद्धा. सांग ना, तू काय केलं असतंस?