कोंबड्यांची शेगडी

“आई, आता कोंबड्यांनाही शेगडी?” बाळंतीण लेक खिडकीतून हसली.

“का गं? थंडी काय तुलाच वाजते?” म्हणत गजराबाईंनी निखाऱ्यांचं घमेलं खुराड्यात सरकवलं. आठवडाभराच्या अवकाळीनं परसात घोटाभर चिखल झाला होता, निम्म्या कोंबड्या गारठून मेल्या होत्या. उरलेल्या जगवायच्याच, म्हणून त्यांनी खुराड्याची फट न फट पोत्यांनी बुजवली.

सकाळी खुराड्याच्या तोंडावरची फळी काढली. सगळ्या कोरड्या, एकमेकींना टेकून बसलेल्या. एकीला उचललं, तर मान लोंबकळली. दुसरीचीही. कोंडलेल्या निखाऱ्यांनी सगळ्यांना गुदमरवलं होतं.

गजराबाई चिखल तुडवत बाळंतिणीच्या खोलीकडे धावल्या. लेकीच्या खाटेखाली शेगडी त्यांनीच ठेवली होती. तिची खिडकीही काल रात्री निजताना त्यांनीच पोत्यांनी बुजवली होती.

“अगं, दार उघड!”

आतून बाळाचंही रडणं आलं नाही.