मत पहिल्या नावाचं

सोसायटीच्या सभेत लिफ्ट बसवण्याच्या ठरावाच्या बाजूने शैलाने हात वर केला, तसा सेक्रेटरी हसला. "वहिनी, हात खाली घ्या. फ्लॅट दोघांचा असला तरी मत पहिल्या नावाचं."

पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं, दिगंबररावांचं. त्यांनी तळमजल्यावरच्या अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विरोधात हात वर केला. तिसऱ्या मजल्यावर आपलीच आई गुडघ्यांपायी दोन वर्षं खाली उतरली नाही, हे त्या मर्दाला आठवलंसुद्धा नाही. ठराव एका मताने पडला.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवरच्या नावांचा क्रम बदलायचा अर्ज शैलाने त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हणजे मी बायकोच्या मागे? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"अहो, लग्नापासून माझ्या नावामागे तुमचंच नाव लागतंय. तिथे बरे सुखाने राहिलात."

ते अर्ज फाडायला निघाले, तोच आतून म्हातारी ओरडली, "दिगू, सही कर. नाहीतर मला पाठुंगळी घे आणि रोज खाली बाकावर नेऊन बसव."

दिगंबररावांनी जिन्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि मुकाट्याने सही केली.

पुढच्या सभेत ठराव पुन्हा आला. "विरोधात कोण?" अध्यक्षांनी नुसत्या भुवया उडवल्या आणि दिगंबररावांचा हात सवयीने वर गेला.

सेक्रेटरीने कागद पाहिला, घसा खाकरला. "साहेब, हात खाली घ्या. वहिनी, तुमचं मत?"