रानफुलाचं औषध

औंधच्या होमिओपॅथी डॉक्टरांसमोर पूजा मान खाली घालून बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नवरा सीमेवर होता आणि तिचं डोकं सारखं दुखत होतं. सासूबाई, बनुबाई, शेजारी उभ्या होत्या. डॉक्टर विचारायचे पूजाला आणि उत्तर द्यायच्या त्या.

"एका रानफुलाचं औषध माझ्या मनात आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ते माणसाचा स्वभाव बघून द्यावं लागतं. रडू येतं का?"

"आवं, झाडपाल्याच्या औषधाला रडण्याची चौकशी कशाला?" बनुबाई हसल्या. "येतं की. कांदा चिराय बसली की रडून घेती, म्हंजी कुणाला कळत न्हाई."

"झोप लागते?"

"कुठली झोप! दारात पावलं वाजली की छाती धडधडती. मग झोपल्याचं सोंग घिऊन भिंतीकडं तोंड करून पडती."

पूजाने पहिल्यांदाच मान वर केली. ती सासूबाईंकडे बघत राहिली.

डॉक्टर लिहीत होते. "हे कधीपासून होतंय?"

"आमचं मालक फौजेतनं रिटायर हून घरी आलं, तवापासनं. धा वर्सं झाली."

डॉक्टरांचा हात थांबला. आपण काय बोललो हे बनुबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पूजा उठली. त्यांचा दंड धरून तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"आत्या, माझं डोकं ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "आधी तुमचं सांगा."