सातवी फेरी

गोदूताई शेटे हॉलमध्ये पाचवी फेरी मारत होत्या आणि नीरजाचा जीव वर-खाली होत होता. लुळ्या पायांना बांधलेल्या यांत्रिक पट्ट्यांना चालवणारं हे ॲप तिनेच बनवलं होतं. आज एवढंच बघायचं होतं, की म्हाताऱ्या माणसाला ते आपलं आपण थांबवता येतं का. चाचणीत मदत करायची नाही, असा नियम होता.

सातव्या फेरीला ताईंचे डोळे भरून आले. नियम गेला खड्ड्यात म्हणत नीरजा आडवी धावली. “ताई, ते लाल बटण दाबा!”

“अगं, ते पहिल्याच फेरीत सापडलं,” ताई धापा टाकत म्हणाल्या. “सहा वर्षं खुर्चीत काढलीत मी. इतक्यात थांबू होय?”

नीरजाचा जीव भांड्यात पडला. ती वाटेतून बाजूला झाली.